विमान वर, पृथ्वी खाली फिरते?

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या एखाद्या घरातलं पोरगं शिकायला अमेरिकेला निघालं, की निरोपाला जमलेल्यांपैकी एक जण हमखास सांगतो : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं, अमेरिकाच समोरून येते. पुरावा म्हणून तिकीट दाखवलं जातं. समजा, मुंबईहून रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. म्हणजे सहा तास!

साफ चूक. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यातल्या त्या सहा तासांत साडेदहा मिळवले, की खरा प्रवास साडेसोळा तासांचा निघतो.

फिरणाऱ्या पृथ्वीचं काय? विंचूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथली जमीन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आहे. हवा मागे राहत असती, तर त्या वाऱ्यात तिथल्या उपबाजारात कांद्याची एक ट्रॉली उभी राहिली नसती. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. नाशिकच्या ओझर विमानतळाच्या धावपट्टीवर उभ्या विमानालाही तोच वेग असतो आणि उड्डाणानंतर तो सुटत नाही. शाळेत शिकलेलं जडत्व इतक्या लवकर का विसरलं जातं, कळत नाही.

प्रत्यक्षात घडतं उलटंच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात; त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्याचा हात त्यांच्या घडणीत आहे, पण फायदा पूर्वेकडे जाणाऱ्याला होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारे पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

याहून बोलकं उदाहरण एअर इंडियाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढून १५,३०० वर गेलं, तरी प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा दोनेक तास कमी. जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, हाही गैरसमज त्यातच निकाली निघाला.

नकाशावरची सरळ रेघ सर्वांत जवळची, हेही खरं नाही. मुंबई ते न्यूयॉर्क गोलावरचं किमान अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे आणि ती वाट पार जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ धरली, तर सुमारे १४,२०० पडतात.

‘डायरेक्ट’ विमान वाटेत थांबत नाही, असंही नाही. न थांबणारं हवं तर ‘नॉनस्टॉप’ पाहावं. उत्तर ध्रुवावरून विमानं जात नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारी २०२१ आठवावा : एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान त्याच वाटेने आणलं. आणि एकाच मार्गावर सगळ्या कंपन्यांना सारखाच वेळ लागतो, असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा एअर इंडियाला वळसा पडला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती.