एका काडतुसाची रायफल

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांत पडणाऱ्या पदार्थांची गति शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, बंदुकीवर दुर्बीण बसविली म्हणजे नेमबाजाला अंतर ठाऊक असण्याची गरज काय? दुर्बिणींत जें दिसतें तेथेंच गोळी लागावयास हवी." प्रश्न चांगला होता, तास संपत आला होता, आणि मीं दिलेलें उत्तर अर्धवट होतें, हें मला घरीं जातांना वाटेंत उमगलें. तें पुरें करण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. त्याकरितां आपणांस आजचीं शस्त्रें सोडून सुमारें दीडशें वर्षांपूर्वींच्या अमेरिकेंतील कांहीं रायफलींकडे जावें लागेल. ह्या रायफली जतन करणारे आणि त्यांनीं नेमबाजीहि करणारे हौशी लोक तेथें आजहि पुष्कळ आहेत. गोळी वाटेंत किती खालीं येते, हें ह्या शस्त्रांत जितकें स्पष्ट कळतें तितकें इतरत्र क्वचितच कळेल.

प्रथम रायफल म्हणजे काय तें सांगतों. साध्या जुन्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. रायफलीच्या नळींत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या चऱ्या कोरलेल्या असतात. त्यांमुळें गोळी बाहेर पडतांना स्वतःभोंवतीं गरगर फिरते, आणि फिरणारा भोंवरा जसा कलंडत नाहीं, तशी तीहि कोलांट्या न खातां टोंक पुढें ठेवून जाते. पूर्वीं दारू आणि गोळी नळीच्या तोंडांतून गजानें ठासावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हें काम मागल्या बाजूनें करण्याच्या युक्त्या निघाल्या. ख्रिश्चन शार्प्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें १८४८ सालीं अशा एका रचनेचें पेटंट घेतलें. तिच्यांत नळीच्या मागें पोलादाचा एक जाड ठोकळा असतो. चापाभोंवतालची कमान खालीं ओढली कीं हा ठोकळा विहिरींत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सरळ खालीं उतरतो आणि नळीचें मागील तोंड उघडतें. त्यांत एक काडतूस सारावें, कमान वर घ्यावी, कीं दार बंद. रेमिंग्टनच्या रायफलींत ठोकळा खालीं न उतरतां मागें फिरे. युटा प्रांतांतील ऑग्डेन गांवच्या जॉन ब्राउनिंगनें स्वतःच्या रचनेचें पेटंट १८७९ मध्यें मिळविलें, तेव्हां तो अवघा चोवीस वर्षांचा होता. विंचेस्टर कंपनीनें १८८३ सालीं त्याचे हक्क विकत घेतले आणि १८८५ मध्यें ती रायफल आपल्या नांवानें बाजारांत आणली.

ह्या सर्वांत काडतुसांची पेटी नाहीं. एक गोळी सुटली कीं रिकामें काडतूस काढा, दुसरें भरा. त्याच काळीं भराभर बार काढणाऱ्या बंदुकाहि मिळत होत्या. १८७३ च्या विंचेस्टर रायफलींत पंधरा काडतुसें मावत. मग एका काडतुसाची रायफल कोण घेई? ज्याला दूर मारावयाचें आहे तो. पोलादाचा भरीव ठोकळा मोठ्या काडतुसाचा दाब सहन करी. पेटीच्या बंदुकीची नाजूक यंत्रणा तो सहन करीत नसे.

आतां हिशेबाकडे वळूं. त्या काळच्या एका प्रसिद्ध काडतुसाला '४५-७०' म्हणत. पंचेचाळीस म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या शतांशांत. सत्तर म्हणजे दारूचें वजन, ग्रेनमध्यें. अमेरिकन सैन्यानें तें १८७३ सालीं स्वीकारलें. त्याची जड गोळी पांचशें ग्रेनची असे. आपल्या सोनारांचा जुना तोळा १८० ग्रेनचा; म्हणजे ही एक गोळी सुमारें पावणेतीन तोळे शिशाची झाली! सोरा, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूच्या जोरावर ती सेकंदास चारशें मीटरांहून थोड्या कमी गतीनें निघते, आणि हवा तिला लगेच अडवूं लागते. पांचशें मीटर जाण्यास तिला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळांत ती खालीं किती येईल? वर्गांतील सूत्रच वापरा. ४.९ गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे अकरा मीटर! तीन मजली इमारतीच्या गच्चीवर नेम धरावा तेव्हां गोळी अंगणांत पडावी, असा हा प्रकार आहे. आधुनिक रायफलीची वेगवान गोळी तेंच अंतर अर्ध्या वेळांत कापते, म्हणून तिचें पडणें चौथाईवर येतें आणि पाहणाऱ्याच्या लक्षांत फारसें येत नाहीं.

अकरा मीटरांचें एवढें भय नाहीं. अंतर ठाऊक असल्यास नळी तितकी वर उचलतां येते. खरी अडचण पुढें आहे. पांचशें मीटरांवर पोंचेपर्यंत गोळीचा मार्ग चांगलाच उतरता झालेला असतो. अंतराचा अंदाज पंचवीस मीटरांनीं चुकला तर गोळी पाऊण मीटराच्या आसपास वर किंवा खालीं जाते. शिवाय वारा. दीड सेकंदाच्या प्रवासांत तो तिला बाजूला ढकलतो तें निराळेंच.

ह्या अडचणींशीं माणसें कशीं झुंजलीं त्याची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १८७३ सालीं इंग्लंडांत विंबल्डनच्या स्पर्धेंत विजयी झालेल्या आयरिश नेमबाजांनीं अमेरिकनांना आव्हान दिलें. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील क्रीडमूर मैदानावर सामना झाला. प्रत्येक बाजूस सहा नेमबाज. अंतरें ८००, ९०० आणि १००० वार. आयरिशांजवळ रिग्बीच्या, तोंडाकडून ठासण्याच्या, अत्यंत नाणावलेल्या रायफली होत्या. अमेरिकनांजवळ शार्प्स व रेमिंग्टन यांच्या, मागून भरण्याच्या. जाणत्यांचा कल आयरिशांकडे होता. शेवटची गोळी उरली तेव्हां आयरिशांचे ९३१ गुण झाले होते आणि अमेरिकनांचे ९३०. ती गोळी कर्नल जॉन बोडाइन यांची होती. त्यांनीं तहान भागविण्यासाठीं आल्याच्या पेयाची बाटली हातीं घेतली आणि ती फुटून त्यांचा हात कापला! रक्त वाहणाऱ्या हाताला रुमाल गुंडाळून ते पुनः जमिनीवर पालथे झाले, आणि हजार वारांवर त्यांची गोळी लक्ष्याच्या मध्यभागीं बसली. चार गुण मिळून ९३४ विरुद्ध ९३१ असा निकाल लागला.

पण मला ह्या सामन्यांतील दुसरीच घटना अधिक विचार करण्याजोगी वाटते. मिल्नर नांवाच्या एका आयरिश नेमबाजाची गोळी लक्ष्याच्या मध्यावर बसली खरी, परंतु तें लक्ष्य त्याचें नव्हतें, शेजारचें होतें. गुण शून्य. ते चार गुण धरले असते तर आयरिशांचे ९३५ झाले असते. हात, डोळा, शस्त्र, हिशेब सारें बिनचूक, आणि प्रश्नच दुसऱ्याचा सोडविलेला! परीक्षेच्या दालनांत असले मिल्नर मीं अनेक पाहिले आहेत.

ह्या सामन्यांत कोणाच्याहि रायफलीवर दुर्बीण नव्हती. पुढें बारीक माशी आणि मागें, डोळ्याजवळ, लहान छिद्राची चकती. ही चकती एका उभ्या पट्टीवर वरखालीं सरकत असे, आणि ती किती सरकली तें मोजण्यास पट्टीवर व्हर्नियर कोरलेला असे. तुम्ही प्रयोगशाळेंत जो वापरतां तोच.

आतां एक कटु गोष्ट. ज्या वर्षीं क्रीडमूरला टाळ्या पडल्या, त्याच वर्षीं जून महिन्यांत टेक्सासमधील ॲडोबी वॉल्स येथें शिकाऱ्यांच्या एका ठाण्यावर कोमांची, कायोवा व शायेन लोकांनीं हल्ला केला. त्या वेढ्यांत बिली डिक्सन ह्या शिकाऱ्यानें शार्प्स रायफलीनें दीड हजार वारांहून अधिक अंतरावरील एका स्वाराला पाडलें, ही कथा बंदुकांचे शौकीन मोठ्या अभिमानानें सांगतात. स्वतः डिक्सन मात्र त्या नेमाला दैवाचा खेळच समजत असे. मला विचारावेंसें वाटतें तें असें कीं, ते शिकारी तेथें आले होते कशासाठीं? रानगव्यांच्या कातड्यांसाठीं. कोट्यवधि असलेल्या ह्या जनावरांची गणती १८८९ सालीं हॉर्नडे ह्या प्राणिशास्त्रज्ञानें केली, तेव्हां जेमतेम हजाराच्या आसपास उरलीं होतीं. त्या कळपांवर जगणाऱ्या मूळच्या लोकांचा आधारच नाहींसा झाला. हें काम मुख्यतः ह्याच एका काडतुसाच्या रायफलींनीं झालें. भिंतीवर टांगलेलें सुंदर शस्त्र पाहतांना त्याचा हा इतिहास झांकून ठेवूं नये, असें मला वाटतें.

दुर्बिणीकडे येऊं. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें विल्यम माल्कम ह्यानें १८५५ सालीं बंदुकीच्या दुर्बिणी बनविण्यास आरंभ केला. त्याची दुर्बीण म्हणजे बोटभर जाडीची आणि कित्येकदां नळीइतकीच लांब अशी नलिका. एकाच कांचेचें भिंग वापरल्यास चित्राच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात, म्हणून त्यानें दोन निराळ्या प्रकारच्या कांचा जोडून केलेलीं भिंगें वापरलीं. आंत एक आडवी व एक उभी अशा अतिसूक्ष्म रेषा असत. त्यांसाठीं कित्येक कारागीर कोळ्याच्या जाळ्याचा तंतु ताणून बसवीत. ह्या विद्येशीं आपल्या प्रांताचाहि थोडा संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें तयार केलेली दुर्बीण व्हिटवर्थ रायफलींवर बसवीत, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धांत दक्षिणेच्या नेमबाजांनीं ती वापरली.

येथें माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येतें. दुर्बिणींतून जाणारी दृष्टीची रेषा सरळ असते. गोळीचा मार्ग वांकडा असतो. सरळ रेषेला वक्र मार्ग दूरवर एकाच ठिकाणीं येऊन छेदतो, आणि तें ठिकाण नेमकें लक्ष्यावर आणणें हें माणसाचें काम. जुन्या दुर्बिणींत ह्यासाठीं आंतील रेषा हलवीत नसत. अख्खी नलिकाच हलवीत. मागच्या आधारावरील स्क्रू फिरवून नलिकेचें मागील टोंक वर उचललें, म्हणजे दुर्बीण लक्ष्यावर रोखतांना बंदुकीच्या नळीचें तोंड आपोआप वर होतें. किती उचलावें तें अंतरावर अवलंबून. दुर्बिणीनें लक्ष्य मोठें दिसतें; गोळी त्यामुळें एक तसूहि कमी पडत नाहीं.

हल्लीं ह्या रायफलींच्या हुबेहूब प्रतिकृति माँटाना राज्यांतील बिग टिंबर आणि इटलींतील गार्दोने व्हाल ट्रोंपिया अशा ठिकाणीं तयार होतात, व माल्कमच्या धर्तीच्या दुर्बिणीहि मिळतात. न्यू मेक्सिकोंतील रॅटन येथें ह्यांच्या मोठ्या स्पर्धा भरत आल्या आहेत. पोलादी पत्र्याचा कोंबडा २०० मीटरांवर, डुक्कर ३०० वर, टर्की पक्षी ३८५ वर आणि मेंढा ५०० वर. नुसती गोळी लागून भागत नाहीं. लक्ष्य उलथून पडलें पाहिजे. कोंबड्यावर उभ्यानें, हाताच्या आधारावर नेम धरावयाचा. बाकीच्यांसाठीं दोन काठ्यांची कैची टेकू म्हणून चालते.

बार उडाला कीं पांढऱ्या धुराचा लोट उठतो. काळ्या दारूच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग जळून वायु होत नाहीं, काजळीच्या व क्षारांच्या रूपानें घनच राहतो. तो नळींत सुकून कडक झाला कीं पुढली गोळी भरकटते. म्हणून दोन बारांच्या मध्यें नेमबाज मागच्या बाजूनें एक पोकळ नळकांडें लावून नळींत सावकाश फुंकर घालतो. तोंडच्या वाफेनें काजळी मऊ होते. किती फुंकरा घालावयाच्या तेंहि हवेच्या कोरडेपणावर ठरतें! संध्याकाळीं नळी पाण्यानें धुवून, पुसून, तेल द्यावें लागतें. आळस केला तर ते क्षार ओल शोषून तिला गंज चढवितात.

संग्राहकाचा धर्म निराळा. आपल्याकडे तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें घासून लख्ख करण्याची संवय आहे. जुन्या रायफलीला असें घासलें तर तिचें मोल उतरतें, कारण तिच्यावरील मूळचा रंग आणि काळानें आलेली तपकिरी झांक हाच तिच्या खरेपणाचा पुरावा. वायोमिंगमधील कोडी गांवच्या शस्त्रसंग्रहालयांत विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. रायफलीवरील क्रमांक कळविला तर ती कोणत्या रूपांत कारखान्यांतून बाहेर पडली तें कित्येकदां सांपडतें. आणखी एक सावधगिरी: काळ्या दारूसाठीं केलेल्या जुन्या रायफलींत आधुनिक निर्धूर दारू भरणें प्राणघातक ठरूं शकतें, कारण मऊ जुनें पोलाद तो दाब सोसत नाहीं. माझें मत विचाराल तर मूळची रायफल जपावी आणि नेमबाजी प्रतिकृतीनें करावी.

आपल्या देशांत १९५९ च्या कायद्यान्वयें अग्निशस्त्राला परवाना लागतो, हें पालकांना सांगण्याची गरज नाहीं. मात्र एका वेळीं एकच काडतूस भरण्याची रीत आपणांस परकी नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेच्या रायफलींत काडतूस एकेकच भरतात, आणि तींवर दुर्बीण चालत नाहीं. क्रीडमूरप्रमाणेंच डोळ्याजवळ छिद्राची चकती असते.

ज्यांना दुर्बिणीची रचना प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनीं शनिवारीं प्रयोगशाळेंत यावें. दोन बहिर्गोल भिंगें आणि पुठ्ठ्याची एक नळी एवढ्यावर काम भागेल. त्या दुर्बिणींतून मैदानावरचें वडाचें झाड खालीं डोकें वर पाय असें दिसेल. बंदुकीच्या दुर्बिणींत तें सुलटें कसें करतात, तें येण्यापूर्वीं शोधून ठेवावें.