परवान्याची मागची बाजू

गिरणीच्या परवान्याचं निम्मं गणित मोटारीवर रिव्हेट मारून बसवलेल्या पत्र्याच्या पाटीवर असतं. शेजारच्या वहिनींनी दळणाची गिरणी आणि जोडीला मसाला कांडप सुरू करायचं ठरवलं, तेव्हा कागदपत्रांसाठी मी त्यांच्याबरोबर होतो. जागा पाहायला आलेल्या परवाना निरीक्षकांनी अर्ज उघडायच्या आधी उकिडवं बसून दोन्ही मोटारी फडक्यानं पुसल्या आणि पाट्या वाचल्या. चक्कीची मोटार साडेसात अश्वशक्तीची, कांडपाची तीनची. बेरीज साडेदहा.

“ताई, अर्धा जास्त होतोय,” ते म्हणाले.

मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेली 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली निवासी भागात पिठाची आणि मसाल्याची गिरणी चालवू देते, पण अटी घालून. गिरणी तळमजल्यावरच हवी, बांधकामाच्या मजबुतीची काळजी घेतलेली हवी, शेजाऱ्यांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, आणि विजेचा भार साडेसात किलोवॅटच्या वर जाता कामा नये. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणजे दहा अश्वशक्ती जेमतेम बसतात, साडेदहा बसत नाहीत. वहिनींनी कांडपाची मोटार बदलून दोनची घेतली. मिरची कुटायला थोडा वेळ जास्त लागतो, पण भार साधारण सात किलोवॅटवर आला. अर्ज तसाच पुढे गेला असता, तर हा अर्धा आकडा त्रुटीच्या पत्रातून कळला असता.

एवढ्याशा गिरणीला किती कायदे लागतात, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 313 नुसार विजेवर किंवा इतर यांत्रिक शक्तीवर चालणारा कारखाना किंवा कार्यशाळा नव्यानं काढायची, तर आयुक्तांची परवानगी लागते. वस्ती दाट आहे किंवा आसपासच्या लोकांना त्रास होईल असं वाटलं, तर आयुक्त ती नाकारू शकतात. कलम 376 चा रोख धोकादायक किंवा उपद्रवकारक साठ्यांवर आणि धंद्यांवर आहे. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे, तिथं हेच विषय कलम 390 आणि 394 मध्ये येतात. शिवाय तोलकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा आणि पीठ-मसाला विकायला ठेवला की अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गुमास्त्याचा. “गुमास्ता काढलाय की, आता आणखी कसला परवाना?” हा प्रश्न मी परवाना विभागाच्या खिडकीपाशी हमखास ऐकला. गुमास्ता दुकानातल्या कामगारांच्या तास-सुट्ट्यांसाठी आहे. मुंबईत ते काम महापालिका पाहते, आमच्याकडे राज्याचा कामगार विभाग. 2017 च्या कायद्यानं मोजकेच कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना देण्याची सोय केली. त्या कागदाचा मोटारीशी, भिंतीशी, वरच्या मजल्याशी काही संबंध नाही. तसंच धंद्याच्या परवान्यानं अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. इमारतीच्या मंजूर नकाशात जागा निवासी असेल, तर आधी वापर बदलून घ्यावा लागतो.

आता शुल्काकडे येतो, कारण भांडणं त्यावरच होतात. आमच्या महापालिकेच्या दरपत्रकात धंद्याचा प्रकार, जागेचं क्षेत्रफळ आणि अश्वशक्ती असे तीन रकाने आहेत. हे दर कोण ठरवतं? कलम 386 सांगतं, आयुक्त ठरवतील, पण महापालिकेच्या मान्यतेनं. महापालिका म्हणजे निवडून दिलेलं सभागृह. 2022 नंतर राज्यातल्या बहुसंख्य महापालिकांत कित्येक वर्षं प्रशासकच होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. त्या काळातल्या प्रत्येक दरवाढीवर नव्या नगरसेवकांनी पुन्हा चर्चा करावी, असं मला ठामपणे वाटतं. दुकानदाराला दर कमी करून मिळो न मिळो, तो दर का आहे हे सभागृहात कुणीतरी सांगितलं पाहिजे.

कारण शुल्क आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या न्यायालयांनी त्यावर फार बारकाईनं विचार केला आहे. कलकत्ता महापालिकेनं चित्रपटगृहांच्या परवान्याची आकारणी दर खेळामागे सुरू केली, तेव्हा लिबर्टी सिनेमाचा भार वर्षाला 400 रुपयांवरून 6,000 वर गेला. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की नाव परवाना शुल्काचं असलं तरी मोबदल्यात सेवा नाही, म्हणून हा करच आहे. कायद्यात तसा अधिकार होता म्हणून आकारणी टिकली. पुढे 1983 मध्ये दिल्लीच्या कत्तलखान्याचं शुल्क आठपट वाढल्याच्या प्रकरणात न्यायालयानं पैशापैशाचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नाही, ढोबळ संबंध पुरे, अशी भूमिका घेतली. 1999 मध्ये हैदराबाद-सिकंदराबादच्या हॉटेलमालकांच्या प्रकरणात नियमनासाठीचं शुल्क आणि सेवेच्या मोबदल्याचं शुल्क असा फरक मांडला गेला. नियमनाच्या शुल्काला थेट सेवा दाखवावी लागत नाही. पण मग नियमन तरी झालं पाहिजे. पैसे देखरेखीचे घ्यायचे आणि देखरेखच करायची नाही, हे कोणत्या तत्त्वात बसतं?

देखरेख झाली की काय होतं, ते वहिनींच्या गिरणीत दिसलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. भिंत हादरते, अशी त्यांची लेखी हरकत होती. निरीक्षक वर गेले, आजोबांकडून पेलाभर पाणी मागून घेतलं आणि तो स्टीलचा पेला भिंतीतल्या फळीवर ठेवला. खाली चक्की सुरू करायला सांगितली. चाड्यात गहू पडायच्या आधी, रिकाम्या चक्कीला पाण्यावर बारीक रेघा थरथरत राहिल्या. दळण सुरू झाल्यावर त्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. चक्कीची बैठक भिंतीच्या पायाला लागून ओतली होती. गवंड्यानं ती फोडून भिंतीपासून वेगळी केली, खाली जाड रबराच्या गाद्या घातल्या, आणि फेरतपासणीला पेल्यातलं पाणी स्थिर राहिलं. आजोबांनी हरकत मागे घेतली. या तपासणीला महागडं यंत्र लागलं नाही, जाणकार माणूस जागेवर यावा लागला.

परवाना हातात आला तेव्हा वहिनींनी पुढची बाजू पाहून तो चौकटीत घालायला काढला. मी त्यांना मागची बाजू वाचायला लावली. पट्ट्याला जाळी बसवणे. मिरचीचा खकाणा शेजारी जाणार नाही अशी धुराड्याची नळी वर नेणे. अग्निशमन सिलिंडर. रात्री यंत्र बंद. परवाना दर्शनी भागात लावणे. यातली अट मोडली, तर परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार आयुक्तांना आहे. पट्ट्यात पदर अडकून झालेले अपघात गिरण्यांना नवे नाहीत. जाळीची अट कुणीतरी त्या अनुभवातूनच लिहिली असणार.

पाटीचंही सांगतो, कारण दंडाची नोटीस बहुधा तिच्यामुळे येते. आपल्याच जागेवर आपल्याच धंद्याची साधी पाटी लावायला कलम 245 खाली परवानगी लागत नाही. तीच पाटी दिव्यांची केली, किंवा छपरावर उभी केली, तर आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते. गुमास्त्याच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको.

वहिनींच्या ओळखीतल्या एका जुन्या गिरणीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही दरवर्षी पैसे भरतो. आत येऊन बघितलेलं मात्र कुणी आठवत नाही.” त्यांच्या गिरणीच्या पट्ट्याला जाळी नव्हती. नूतनीकरण ऑनलाइन झालं हे चांगलंच आहे. पण त्यासोबत तपासणीही गळून गेली, तर उरते ती वसुली.

म्हणून धंदा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. शुल्क मुदतीत भरा, विलंब आकार देऊ नका, “सगळं करून देतो” म्हणणाऱ्या मध्यस्थाला नको म्हणा. अर्जाची तारखेसह पोच घ्या. अधिसूचित सेवेला उशीर झाला, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात पहिलं आणि दुसरं अपील आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती आहे. नूतनीकरण करताना मात्र एक ओळ जास्तीची लिहा: जागेची तपासणी करून अहवालाची प्रत मिळावी. त्या तपासणीचे पैसे आपण भरलेले आहेत.