गिअरबॉक्सच्या ऑइलच्या नळ्या: गळती छोटी, नुकसान मोठं

आजचा विषय हाताला तेल लागणारा आहे. जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपासून पुढच्या रेडिएटरपर्यंत दोन नळ्या जातात. त्या गळायला लागल्या की काय करायचं, आणि ते पुढे का ढकलायचं नाही, एवढंच आज बघू. उदाहरणाला २००३ सालची शेव्हरोले सिल्व्हरॅडो घेऊ.

आधी या नळ्या कशासाठी, ते समजून घेऊ. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमार्फत पुढे जाते. ऑइल घुसळलं जातं, म्हणून तापतं. तापलेलं ऑइल एका नळीतून रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमध्ये जातं, थंड होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. हे ऑइल पंप ढकलतो, आणि पंप इंजिनाबरोबर फिरतो.

इथेच खरी गोम आहे. इंजिन बंद असताना नळीत दाब नसतो. म्हणजे दारात उभ्या गाडीखाली दिसणारा डाग हा गळतीचा पूर्ण हिशोब नव्हे. खरी गळती रस्त्यावर, गाडी चालू असताना होते. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. डी किंवा रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिरा उचलत असेल, तर गाडी चालवणं थांबवा. नळी स्वस्त असते, गिअरबॉक्स नाही.

गळते कुठे? तीन जागा. नळी लोखंडी असते, पण इंजिन हलतं म्हणून मध्ये रबरी तुकडा असतो. तो धातूच्या कड्याने दाबून बसवलेला असतो. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं आणि त्या सांध्यातून ऑइल झिरपतं. दुसरी जागा म्हणजे गंज. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून नळी खातं. तिसरी, दोन्ही टोकांचे क्लिपचे जोड. वाऱ्याने ऑइल मागे पसरतं, म्हणून सगळं पुसून इंजिन थोडं चालवा आणि सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधा.

आता काम. इंजिन थंड हवं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जायचं नाही. जॅक स्टँड लावाच. कुठली नळी कुठे जाते, याची खूण किंवा फोटो ठेवा. जोडावरचं प्लॅस्टिकचं टोपण मागे सरकवा, तारेची क्लिप बारीक हुकाने काढा आणि नळी सरळ ओढा. खाली परात ठेवा, ऑइल येणारच. रेडिएटरकडचा जोड पान्याने सोडवायची वेळ आली, तर दुसरा पाना लावून तो धरून ठेवा. नाहीतर टाकी पिळवटते आणि नवीन रेडिएटरचा खर्च येतो.

नवीन नळी जुनीशेजारी ठेवून वाकणं जुळतात का बघा. हाताने जबरदस्तीने वाकवलीत तर ती चेपते. क्लिपही नवीनच वापरा. ती आधी जोडात बसवा, मग नळी ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत ढकला आणि ओढून खात्री करा. टोपण नीट बसत नसेल तर नळी पूर्ण आत गेलेली नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: फक्त गळका तुकडा कापून रबरी पाइप आणि क्लॅम्प लावला तर?)

लोक करतात. पण साधा पेट्रोलचा पाइप या गरम ऑइलसाठी नसतो, आणि गुळगुळीत कापलेल्या नळीवरून पाइप दाबाने निसटू शकतो. निसटला तर थोड्याच वेळात गिअरबॉक्स रिकामा होतो, आणि ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर आगीचा धोका. शिवाय एका जागी गंजलेली नळी उद्या दुसऱ्या जागी फुटते. म्हणून पूर्ण नळीच बदला, जमलं तर दोन्ही.

शेवटची पायरी ऑइलची. सिल्व्हरॅडोला डेक्स्रॉन लागतं. गाडी सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये. मग डिपस्टिक बघा. जुन्या डॉज रॅममध्ये मात्र अनेकदा न्यूट्रलमध्ये बघावं लागतं, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. थोडं थोडं घाला. जास्त झालं तर फेस येतो.

आणि डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ ऑइल दिसलं, तर दोष नळीचा नाही. रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. तेव्हा गाडी चालवू नका. ते पाणी क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं.

चार-पाच दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा खाली टॉर्च मारा. जोड कोरडे दिसले, की काम झालं.