फोर्कलिफ्टचें गॅस-इंजिन रुसतें तेव्हां

गोदामांत मालाच्या थप्प्या उचलणारी फोर्कलिफ्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. आपल्याकडे ती बहुधा डिझेलवर किंवा बॅटरीवर चालते. अमेरिकेंतील गोदामांत मात्र प्रोपेन गॅसच्या टाकीवर चालणारी सर्रास आढळते. आपलीं मुलें आतां तिकडेही कामाला जातात, म्हणून चार शब्द लिहितों.

इंजिन सुरू होत नसेल तर किल्लीला हात लावण्यापूर्वीं वास घ्यावा. प्रोपेनला स्वतःचा वास नाहीं. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड, म्हणून तो खड्ड्यांत, गटारांत सांचतो. वास आला तर टाकीची झडप बंद करावी, दारें उघडावींत आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावूं नये. गळती साबणाच्या फेसानें शोधावी. काडी ओढून पाहणारे शूर पुरुष अजूनही भेटतात!

वास नसेल तर पुढें. टाकींत प्रोपेन दाबाखालीं द्रवरूप असतो. मोकळा झाल्यास तो उणें ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. नळीवाटे तो रेग्युलेटरमध्यें येतो, इंजिनच्या पाण्याची ऊब घेऊन वायु बनतो व हवेंत मिसळून आंत शिरतो.

नेहमींची खोड अगदीं साधी असते. नवी टाकी जोडून झडप घाईनें उघडली, कीं आंतली सुरक्षा-झडप नळी फुटली असें समजून वाटच अडविते. टाकी भरलेली, पण इंजिन नुसतें घुरघुरतें. आणि जाणता माणूसही तासभर प्लग पुसत बसतो. झडप पूर्ण बंद करून थोडें थांबावें, मग हळूहळू उघडावी. आडव्या टाकीच्या कडेच्या भोकांत गाडीवरची खुंटी बसली आहे ना, हेंही पाहावें. टाकी फिरलेली असेल तर आंतली नळी द्रवाऐवजीं वायु ओढते.

रेग्युलेटरवर बर्फ धरला असेल तर रेडिएटरमधील पाणी कमी झालें असावें. प्रोपेनला ठिणगीही जोरकस लागते, तेव्हां झिजलेले प्लग व अशक्त बॅटरी तपासावी. गॅस अडविणाऱ्या विजेच्या झडपेची तार निखळली असेल तर कितीही किल्ली फिरविली तरी गॅस पुढें सरकणार नाहीं.

टाकी बदलतांना हातमोजे घालावे. द्रव प्रोपेन कातडीवर उडाला तर थंडीनेंच ती भाजते. रेग्युलेटर उघडण्याचें काम मात्र कारागिराकडेच द्यावें.