बिघडलेला स्पीकर काय सांगतो?

संगणकाला किंवा टीव्हीला जोडायच्या ज्या स्पीकरच्या पेट्या बाजारात मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पेट्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर बसवलेला असतो. सोय झाली खरी, पण बिघाड झाला की पंचाईत होते. आवाज बंद झाला म्हणजे नेमके काय बंद झाले? फोन, मधली वायर, अॅम्प्लिफायर, त्याला वीज पुरवणारा भाग की शेवटचा कागदी शंकू? दुरुस्तीच्या दुकानात पुष्कळदा ‘आयसी गेला’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक पेटी न उघडता, बाहेरून चार प्रश्न विचारून यातला बराच उलगडा करता येतो. त्याला शाळेतले भौतिकशास्त्र पुरते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन पेट्यांचा संच आहे. उजव्या पेटीत अॅम्प्लिफायर आहे. विजेची वायर, आवाजाचे बटण आणि फोनकडून येणाऱ्या तांबड्या व पांढऱ्या पिनांची भोके, सगळे तिच्याकडेच. डाव्या पेटीत नुसता स्पीकर, वायरने उजवीला जोडलेला. आणि ही डावी पेटी मुकी झाली आहे.

तांबडी आणि पांढरी पिन यांची अदलाबदल करा. बाकी कशाला हात लावू नका. आता उजवी पेटी मुकी झाली आणि डावी बोलू लागली, तर दोष या पिनांच्या अलीकडे आहे: वायरमध्ये किंवा फोनमध्ये. (फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बदलण्याची सोय असते. ती चुकून एका टोकाला सरकली नाही ना, हे आधी पाहावे.) अदलाबदल करूनही डावीच मुकी राहिली, तर फोन आणि वायर निर्दोष सुटले. एका कृतीने अर्धी साखळी बाद झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम प्रयोगवहीत आपण लिहून घेतो. इथे तो मोडला, म्हणजे वायरही बदलली आणि फोनही बदलला, तर आवाज परत येईल पण दोष कशात होता ते कळणार नाही.

उरलेल्या अर्ध्या साखळीसाठी टॉर्चचा १.५ व्होल्टचा सेल पुरतो. वीज बंद करून डाव्या पेटीची वायर अॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि तिची दोन टोके सेलला क्षणभर टेकवा. ‘कट्’ असा आवाज आला तर वायर आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत, दोष अॅम्प्लिफायरच्या डाव्या भागात आहे. मल्टिमीटर असेल तर स्पीकरचा रोधही मोजा. ‘८ ओहम’ लिहिलेल्या स्पीकरचा रोध सहा-सात ओहम भरतो. छापलेला आकडा प्रत्यावर्ती धारेसाठी असतो आणि मीटर दिष्ट धारा वापरतो, त्यामुळे एवढा फरक पडायचाच.

दुसरी तक्रार अधिक रंजक आहे. गाणे लावलेले नसतानाही पेटी घुमते. ही घरघर कुठून येते?

आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. रोहित्र असलेल्या पेटीत विजेचे विभवांतर आधी कमी केले जाते आणि मग दिष्टकारी तिचे ऋण अर्धे धन करतो. त्यामुळे सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. दोन उंचवट्यांमधली दरी भरून काढण्याचे काम मोठा कपॅसिटर करतो. हिशेब सोपा आहे. अॅम्प्लिफायर १ अॅम्पिअर धारा घेत असेल आणि कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात विभवांतर फार तर १ व्होल्टने उतरते. कपॅसिटर आतून सुकून त्याची धारकता १,००० वर आली, तर हीच घट १० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. ती आपल्याला ऐकू येते आणि तिचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो. वायरमधून शिरलेली घरघर मात्र थेट विजेचीच, म्हणजे ५० हर्ट्झची. त्यापेक्षा एक सप्तक खालची. लहान पेट्यांना ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही, पण तिच्या पटीतले १५० हर्ट्झ ऐकू येतात. मोबाइलवरच्या ‘फायफॉक्स’ या मोफत अॅपमध्ये आवाजाचा वर्णपट दिसतो. तिथे १००, २००, ३०० एवढेच सुळके दिसले तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. ५० आणि १५० ही मंडळीही असतील तर वायरवर.

अॅप नसले तरी अडत नाही. येणारी वायर उपसून काढा. घरघर तशीच राहिली आणि आवाजाचे बटण फिरवूनही कमी-जास्त होत नसेल, तर ती बटणाच्या पुढे, म्हणजे पेटीच्या आतच तयार होते आहे. वायर काढताच थांबली, तर ती बाहेरून येत होती. मग चार्जिंगला न लावलेला फोन जोडून पाहा. फोनवर शांतता आणि संगणकावर घरघर, असे असेल तर बहुधा दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून एक वेटोळे बनलेले असते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित विभवांतर असते, त्यामुळे आवाजाच्या वायरच्या जाळीतून छोटी धारा वाहते आणि अॅम्प्लिफायर तिलाच संगीत समजून मोठी करतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले की पुष्कळदा हा त्रास जातो. नाही गेला तर मध्ये विलग करणारे छोटे रोहित्र घालता येते.

काही लोक यावर प्लगची जाड तिसरी पिन कापून टाकतात. घरघर थांबते, म्हणून हा इलाज तोंडोतोंडी पसरतो. तो करू नये आणि कोणी केला असेल तर तो प्लग बदलावा. धातूचे अंग असलेल्या उपकरणात फेजची वायर सुटून त्या अंगाला लागली, तर अर्थिंगमधून मोठी धारा वाहून फ्यूज उडतो. पिन कापलेली असेल तर फ्यूज शाबूत राहतो, धातूवर २३० व्होल्ट येऊन थांबतात आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून त्यांना वाट मिळते. घरात अर्थिंगच नसेल, तर पिन असूनही स्थिती तीच.

पेटी उघडायची असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हल्लीच्या बऱ्याच पेट्यांत जड रोहित्राऐवजी मोबाइलच्या चार्जरसारखा वीजपुरवठा असतो. त्यातला कपॅसिटर थेट विजेवर भरतो आणि २३० व्होल्टचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट येते. प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकू शकतो. असे काम विद्यार्थ्यांना देऊ नये. त्यांनी जाणकार उघडत असताना शेजारी उभे राहून पाहावे.

पाहण्यासारखे तिथे आहेही. खराब कपॅसिटरचे वरचे टोक पुष्कळदा फुगलेले असते, कारण आतल्या द्रवाचा वायू होतो. त्याच्या अंगावर ‘१०५ अंश’ असे छापलेले असते. समजा, या तापमानाला त्याचे आयुष्य २,००० तास आहे. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास, सतत चालू ठेवल्यास पावणेचार वर्षांहून थोडे कमी. ४५ अंशांना याच्या चौपट. टीव्हीमागे भिंतीला चिकटवून, वर कापड टाकून ठेवलेली पेटी लवकर का घुमू लागते, ते यावरून दिसेल. नवा कपॅसिटर बसवताना व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त हवा आणि ऋण बाजूचा पट्टा जुन्याच्याच दिशेला. उलटा बसवला तर तो फुटतो.