तारली सरकते, हद्द जागेवरच

केरळात ‘मत्ती’ म्हणून ओळखली जाणारी तारली हे गरिबाघरचे अन्न. २०१२ मध्ये या राज्यात जवळपास चार लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये उतरली अवघी ३,२९७ टन. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बेसुमार मासेमारीबरोबरच एल निनो आणि बदलत्या समुद्राकडेही बोट दाखवले आहे. संकट हवामानाचे असले, तरी पेच राज्यघटनेचा आहे.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. तारलीला अर्थातच ही सूची ठाऊक नाही. केरळने २०१५ मध्ये दहा सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास मनाई केली. पण तेच पिल्लू शेजारच्या राज्याच्या हद्दीत गेले, की फिशमीलच्या कारखान्याचा कच्चा माल ठरते.

२०२१ च्या पावसाळी अधिवेशनाच्या कामकाजपत्रिकेत सागरी मत्स्यव्यवसाय विधेयक होते. मच्छीमार संघटना खवळल्या आणि ते मांडलेच गेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नियम अधिसूचित केले, तेही बारा मैलांपलीकडच्या विशेष आर्थिक क्षेत्रापुरते. तारलीचा मुक्काम मात्र मुख्यतः किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात! तेथे राज्यांचेच चालते, आणि मच्छीमारांची नाराजी एकट्याने ओढवून घेण्याची कोणत्याच मुख्यमंत्र्याची तयारी नसते. पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांना एकत्र बसवून पिल्लांच्या आकाराचा एकच नियम ठरवणे कृषी भवनाला अशक्य नाही. पावसाळी बंदीच्या तारखा जुळवताना असा समन्वय साधला गेलाच होता.