तालुक्याच्या गावी जुनं घर स्वस्तात मिळतंय? आधी सह्या किती लागतील ते मोजा

बार्शी, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट... सोलापूर जिल्ह्यातल्या अशा गावांच्या जुन्या पेठांत कुलूप लावलेली घरं दिसतात. दगडी जोतं, जाड भिंती, वर माळवद. मालकाची मुलं पुण्या-मुंबईला. शहरातल्या फ्लॅटच्या मानाने किंमत कमी वाटते आणि मोह होतो. पण घर स्वस्त का आहे, हे आधी समजून घ्या.

घर नेमकं कुणाचं?

विकणारा बहुधा घरपट्टीची पावती दाखवतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा नगरपालिकेचा आकारणी उतारा कर कोण भरतं एवढंच सांगतो. तो मालकीचा पुरावा नाही. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड काढा. खेड्यांत 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. ती झालेल्या गावांत घरांचीही अशी पत्रकं मिळतात. जुनं खरेदीखत पाहा आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.

खरी अडचण वारसांची

पत्रकावर आजोबांचं नाव असेल आणि विकायला एकच नातू आला असेल, तर थांबा. वारसांत लग्न होऊन गेलेल्या मुलीही येतात. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. त्यामुळे प्रत्येक वारसाची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. "आत्याचं काही म्हणणं नाही" हे तोंडी आश्वासन कोर्टात टिकत नाही. वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि वारस स्पष्ट होईपर्यंत मोठा इसार देऊ नका.

घरात जुना भाडेकरू असेल तर तोही प्रश्न आधीच सोडवा. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

माळवदाचं वजन

गळती थांबवायला माळवदावर वर्षानुवर्षं माती टाकली जाते आणि वजन वाढत जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जवळपास 8 हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड छपरं हे त्याचं मोठं कारण होतं. म्हणून भिंतीला पोट आलंय का, तुळयांना वाळवी लागलीय का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. अशा भिंतींवर थेट स्लॅब टाकता येत नाही. माळवद उतरवून पत्रे टाकायचे की नवे कॉलम उभारायचे, याचा खर्च किमतीत धरा.

शेवटचा टप्पा

नोटरी केलेल्या कागदाने घर तुमचं होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखताची नोंदणी करावीच लागते. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. राहण्याचं घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास त्यात 1 टक्का सवलत आहे. नंतर मालमत्ता पत्रकावर आणि घरपट्टीला आपलं नाव लावून घ्या.

सगळ्या सह्या मिळत असतील आणि भिंती भक्कम असतील, तर जुनं घर चांगला सौदा ठरतं. एक सही जरी राहिली, तरी स्वस्त घराच्या तारखा तुमच्या मुलांना कराव्या लागतील.